डिफरन्शियलची पंचक्रोशी

चारही चाकांना जोर असलेली गाडी घेणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे चांगला रस्ता. जास्तीचे पैसे मोजून घेतलेली मागची दोन चाकं नुसती मागून येताहेत, ढकलत काहीच नाहीत, या विचारानं त्याला डांबरावर चैन पडत नाही. रायगड जिल्ह्यात हे दुःख तसं कमी. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, आणि त्यानंतरचे कित्येक पावसाळे आम्ही असतील तेवढ्या चाकांना जोर लावून पेणला जाऊन आलो. पण खड्ड्यात हौस भागत नाही. खड्डा हा सरकारचा असतो. गाडीवाल्याला निसर्गाशी झुंज द्यायची असते, म्हणजे चिखल, ओढा किंवा वाळू. पैकी वाळू आमच्याकडे मुबलक आहे.

2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि गाडी बोटीत घालून आणता यायला लागली. जी गाडी समुद्रावरून आली तिला समुद्रात शिरायला कसली भीती, असा काहीसा हिशोब बोटीतच होत असावा. शनिवारी दुपारी वरसोली, नागाव, काशीद, कुठेही जा. किनाऱ्यावर वाहनं नेऊ नयेत अशी पाटी असते आणि पाटीच्या पलीकडे वाहनं असतात.

2024 साल संपता संपता रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली आणि तिला चक्क बैलगाडीनं ओढून काढलं. तो व्हिडिओ देशभर फिरला, लोक पोट धरून हसले. आमच्याकडचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका मात्र तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून गंभीर झाले. "डावा बैल कमी ओढतोय," ते म्हणाले.

आमच्या गाडीला फेरारीचं भाग्य नाही. तिचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काडीमात्र दोष नाही. माझ्या मेहुण्याचाही दोष नाही, असं घरात ठरलं आहे.

मेहुणा पुण्याचा. आक्षीच्या किनाऱ्यावर गाडी पाण्याकाठानं सरळ रेषेत पळवून तिचं चित्रण करायचं, एवढीच त्याची माफक इच्छा होती. आमच्या शेजारच्या कोळीण मावशींनी बोंबील उलटता उलटता विचारलं, "आज कंची तिथी?" मी कॅलेंडर बघून षष्ठी सांगितली. "मंग साडेचारला भरणार," मावशी म्हणाल्या. किनाऱ्यावरचा हा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ हाती येते. सहाची पाऊणपट साडेचार. पण ज्या पिढीनं पावकी-निमकी-पाऊणकी पाठ केली नाही, तिच्या फोनमध्ये ॲप असतं. ॲप सुंदर होतं, त्यात चंद्रही हलत होता. फक्त ते कुठल्या बंदराची वेळ दाखवत होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. साडेचारच्या सुमारास गाडी मागच्या बंपरापर्यंत पाण्यात होती आणि मेहुणा टपावर.

बैल आमच्याही गाडीला लागले. बैलवाल्याला मी जरा भीत भीत म्हटलं, "जड आहे हो, चारही चाकांना जोर आहे."

"मंग बाहेर का नाय येत?" त्यानं विचारलं.

गाडी धुतली, वाळवली, चालू झाली. बायको म्हणाली, "बघा, काही झालं नाही. उगाच बोललात त्याला." पुढे काही आठवड्यांनी मागच्या सीटखालून एक सूर यायला लागला. चाळीसच्या वेगाला षड्ज, साठला पंचम, आणि ऐंशीला माझ्या कुवतीबाहेरचं काहीतरी. मी रेडिओ मोठा करून तो सूर बरा केला. रेडिओत एक दिवस बातम्या लागल्या आणि आजार पुन्हा बळावला.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध टांगलेला लोखंडी गोळा. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एकाला फरपटत जावं लागेल. ओनेझिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी हा तिढा सोडवला. दातेरी चाकं एकमेकांत अशी अडकवली की बळ दोघांना सारखं, वेग ज्याचा त्याला. यात एक गोम राहून गेली. एक चाक निसरड्यावर गेलं की ते मोकाट फिरतं, आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं जागच्या जागी थांबतं. सातबाऱ्यावर सात नावं असलेल्या नारळीच्या वाडीचंही असंच असतं. एकाची सही अडली की बाकीच्यांच्या अंगात कितीही बळ असो, वाडीतला झाप हलत नाही.

आता हा गोळा धावून धावून आतून तापतो. तापलेला असताना तो समुद्रात बुडाला की आतली हवा आक्रसते, आणि श्वासासाठी ठेवलेल्या बारीक नळीतून किंवा जुन्या सीलमधून बाहेरचं पाणी आत ओढते. म्हणजे मेहुणा टपावर बसून मावळतीचे फोटो काढत होता तेव्हा गाडी खाली समुद्र पीत होती.

आमचे मिस्त्री मूळचे मिनीडोरवाले. ज्यांनी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर मिनीडोरमध्ये अर्ध्या मांडीवर बसून प्रवास केला आहे, त्यांना या वाहनाबद्दल सांगायला नको. तिच्याही मागच्या दोन चाकांत डिफरन्शियल असतो, त्यामुळे मिस्त्रींना माझ्या गाडीचं अप्रूप नव्हतं. "तिला तीन चाकं, हिला चार. एक सोडून द्यायचं," एवढ्यावर त्यांनी विषय संपवला. आडवे होऊन गाडीखाली गेले, बोट घालून बाहेर आले आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं. तेल पांढुरकं झालं होतं. "ताक झालंय. उतरवायला लागंल."

"किती वेळ लागेल?"

"उतरवायला? दुपारपर्यंत."

बसवायला किती, हे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मुलीच्या लग्नाचा खर्च विचारताना लोक हॉलचं भाडं तेवढं विचारतात, तसं ते झालं.

मी मागे राहू नये म्हणून दुरुस्तीच्या पुस्तिकेची छापील प्रत घेऊन गेलो होतो. काढण्याच्या कृतीला त्यात कित्येक पानं दिली होती, आकृत्या होत्या, बाण होते. बसवण्याच्या कृतीला एकच ओळ होती, की हेच सगळं उलट क्रमानं करावं. ज्यानं ती ओळ लिहिली तो जेवायला घरी निघाला असणार. याच तत्त्वावर रस्ताही उकरला की उलट क्रमानं भरता यायला हवा.

गॅरेज चौलच्या अलीकडे, रस्त्याला लागून, त्यामुळे गाडी घोड्यांवर चढायच्या आत माणसं जमली. ड्रायव्हरकाका खिशातून अडकित्ता काढून बाकावर बसले. शेजारचे वाडीवाले आले. बंगल्यांतून एसी बसवणारा एक तरुण दुचाकी बाजूला लावून "दोनच मिनिटं" म्हणून थांबला, तो पुढे रोज दोन मिनिटं थांबत राहिला. कुणालाही डिफरन्शियल पाहिल्याचं आठवत नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं.

मिस्त्रींचा एकच नियम होता: आधी वरचा बोल्ट, मग खालचा. म्हणजे आधी तेल भरायचं भोक उघडतं का ते बघायचं, मगच सोडायचं भोक उघडायचं. कारण तेल सोडून बसलात आणि वरचा गंजून अडकला असला, तर गाडी रिकामी होते आणि भरताही येत नाही. हा नियम ते आपल्या बारक्याला सांगून चहा घ्यायला गेले. तेवढ्यात काका म्हणाले, "खालचा खोल, घाण आधी जाऊ दे." वाडीवाले म्हणाले, "खालचाच." एसीवाला म्हणाला, "ग्रॅव्हिटी आहे ना." लोकशाहीत बारक्याचं काही चाललं नाही. मिस्त्री परत आले तेव्हा ताक खाली पसरलं होतं आणि वरचा बोल्ट कुठल्याही पान्याला दाद देत नव्हता.

अलिबागेत लोखंडाचे दोन जुने विरोधक आहेत. एक चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं मोजमाप बिघडणार, म्हणून ते काम 1904 साली कुलाब्याहून इकडे हलवलं, आणि त्या इमारतींत लोखंडाला थारा दिला नाही. दुसरी खारी हवा. ती लोखंडाला थारा देते, आणि मग सावकाश खाते. त्या बोल्टाला रॉकेल पाजलं, हातोडीनं समजावलं, ज्योतीनं शेकलं. शेवटी रिंग पान्याला लांब पाइप लावून मिस्त्री त्यावर जवळजवळ उभे राहिले तेव्हा तो असा किंचाळला, की पलीकडच्या मावशींनी सूप खाली ठेवलं.

त्या मावशींची तक्रार आवाजाची नव्हतीच. डिफरन्शियलच्या तेलात गंधकयुक्त मसाला असतो, दातांवर भार पडला की तो धातूला वाचवतो. माणसाला कोण वाचवणार? तो वास कपड्यांत, केसांत, नखांत जाऊन बसतो. मी घरी आलो तर बायकोनं अंगणातच थांबवलं. पण सुके बोंबील विकणारी बाई नाकाला पदर लावून "दादा, जरा त्या बाजूनं जा," म्हणते, तेव्हा माणसाला आपली खरी जागा कळते.

काढण्याचं काम मात्र रंगलं. काढण्यात माणसांचा हात फार पटकन चालतो. सायलेन्सरचा मागचा भाग रबरांतून सोडवला, प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर पांढऱ्या रंगाची खूण केली, म्हणजे परत बसवताना तोल जुना राहील, आणि शाफ्ट सुतळीनं वर बांधला. चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे पहारीनं हिसका देऊन बाहेर काढले. बोल्ट आले तसे माणसांनी झेलले. एक वाडीवाल्यांनी धोतराला पुसून चकचकीत केला. माझ्याकडे बॅटरी धरण्याचं काम होतं. ज्यानं वडिलांसाठी बॅटरी धरली आहे त्याला हे काम ठाऊक असेल. उजेड नेहमी मघाच्या जागी असतो.

"इकडं धर, दादा. इकडं. माझ्या डोल्यात नको."

दुपारच्या आत तो पंचवीस-तीस किलोचा गोळा जॅकवरून उतरून सिमेंटवर बसला आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. उघडल्यावर आतून बेअरिंगं तांबडी, आणि क्राऊन-पिनियनच्या दातांवर खड्डे. टाळ्या थांबल्या.

माल कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल असं ठरलं. मी दुकानदाराला म्हटलं, पिनियन बराच बरा आहे, नुसता क्राऊन द्या. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कारखान्यात ही दोन चाकं एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. एकाला बदललं की दुसऱ्याचं त्याच्याशी पटत नाही. जोडीच घ्यायची. "जोडीचे पैसे", असंही तो म्हणाला.

जोडी, बेअरिंगं, सीलं एका रिकाम्या हापूसच्या पेटीत भरून मी गेटवेहून मांडव्याच्या लाँचला चढलो. पेटी दोन हातांनी उचलून मी धापा टाकत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "देवगड?"

"नाही, कुर्ला."

ते गप्प झाले. पण मुंबईहून अलिबागला आंबे घेऊन जाणारा माणूस त्यांनी घरच्यांना खुणेनं दाखवला, ते मला दिसलं.

नवीन जोडी बसवली की दात दातांवर नीट मधोमध टेकतात का, हे पाहावं लागतं. त्यासाठी दातांना रंग लावून चाक फिरवायचं आणि उमटलेला ठसा बघायचा. मिस्त्री जुन्या वळणाचे. त्यांनी बारक्याला सांगितलं, "शेंदूर आण." शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं भस्म. तेलात कालवला की दातांवर झकास ठसा देतो. नेमका शनिवार होता. बारक्या मारुतीच्या देवळाजवळच्या दुकानात तेल आणि शेंदूर मागायला गेला, तर दुकानदारानं सोबत रुईच्या पानांची माळ आणि नारळही दिला. "मिस्त्री देवाला लागले वाटतं," असंही म्हणाला. मिस्त्रींनी शेंदूर दातांना लावला, चाक फिरवलं, ठसा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, एक पातळ चकती काढली, दुसरी घातली, पुन्हा फिरवलं. दोन दातांमध्ये केसाएवढी फट लागते. मिलिमीटरचा दहावा भाग जास्त झाला तर खडखड, कमी झाला तर तापणार. एवढ्या वेळात बाकावरून एकही सल्ला आला नाही, हे नमूद करायला हवं. शेंदूर लागलेल्या वस्तूला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही. आणलाच आहे म्हणून नारळ फोडला.

मग बसवणं. काढायला अर्धं गाव होतं, बसवायच्या दिवशी बाकावर काका आणि एसीवाला तेवढे उरले. मिस्त्री गाडीखाली उताणे, गोळा जॅकवर आणि थोडा त्यांच्या छातीवर, वर बोल्टांची भोकं, आणि भोकं भोकांना जुळेनात.

"डावीकडं घे," मिस्त्री खालून म्हणाले. बारक्यानं घेतलं.

"अरे डावीकडं!"

"घेतलं की."

"माझ्या डावीकडं!"

"तुमचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

खाली उताणा पडलेल्याचं डावं आणि पुढून वाकलेल्याचं डावं यांचा मेळ बसेना. मी बॅटरी धरून तिसऱ्याच दिशेला होतो. अखेर काकांनी अडकित्ता मिटून तोडगा काढला. एसटीत मागे घेताना कंडक्टर डावं-उजवं सांगत नाही, गावं सांगतो, असा त्यांचा दावा. लगेच काम सुरळीत झालं. "जरा समुद्राकडं. आणखी. आता डोंगराकडं, बास. मागचा कोपरा रामेश्वराकडं उचल. अलिबागेकडं नको, अलिबागेकडं नको!" पहिला बोल्ट लागला. तोपर्यंत डिफरन्शियल निम्मा तालुका हिंडून आला होता.

शेवटच्या बोल्टाला मात्र हात रिकामा गेला. काम संपल्यावर एखादा बोल्ट उरला तर मिस्त्री तो डब्यात टाकतो आणि कुणी विचारत नाही. आमचा एक कमी होता. डबे उपडे केले, पेटी झटकली, वाळू चाळली. मिस्त्रींनी बारक्याला, बारक्यानं मला, मी बॅटरीला दोष दिला. संध्याकाळी वाडीवाले आले तेव्हा उलगडा झाला. त्यांनी धोतरानं पुसलेला बोल्ट "असाच नवा मिळाला तर बघतो" म्हणून पेणला हार्डवेअरच्या दुकानात नेला होता.

"मग मिळाला?"

"नाय. ते म्हणाले, नमुना ठेवून जा."

नमुना पेणहून परत आला, बोल्ट लागला, वरच्या भोकातून नवं तेल गेलं आणि भोकाच्या काठाशी येऊन थांबलं. मिस्त्रींनी सगळं पुन्हा एकदा कचकचून आवळलं. पुस्तिकेत प्रत्येक बोल्टाला किती जोर लावायचा याचे आकडे होते, ते मी वाचून दाखवत होतो. "त्यांना बोला, हातानं मोजला," असं ते म्हणाले.

ट्रायलला कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडी भरली. मिस्त्री चालवायला, मी शेजारी, मागे काका, वाडीवाले आणि एसीवाला. बारक्याला जागा उरली नाही, तो दुचाकीवरून मागे. चौलचा सरळ रस्ता लागला. चौघांनी श्वास रोखून कान खाली लावले. सूर नव्हता. षड्ज नाही, पंचम नाही. मिस्त्रींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

पहिलं वळण आलं. कट्.

"ऐकलं?" एसीवाला म्हणाला.

सरळ रस्ता. शांत. पुढचं वळण. कट्, कट्.

"वळणावर येतोय," वाडीवाले म्हणाले. "सरळ रस्त्याला काय नाय."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. वळणावर आवाज म्हणजे आतली छोटी दातेरी चाकं, आणि छोटी दातेरी चाकं म्हणजे सगळं पुन्हा खाली. मी मनातल्या मनात लाँचचं वेळापत्रक आठवायला लागलो. वाडीवाले म्हणाले, "शिम जास्त झाली." एसीवाला उत्साहानं म्हणाला, "उतरवायला काय, दुपारपर्यंत उतरेल." मिस्त्रींनी मुद्दाम एक अरुंद वळण शोधून गाडी अगदी हळू फिरवली. कट्, कट्, कट्. स्पष्ट, कोरडा, मागच्या डाव्या बाजूनं.

मिस्त्रींनी ब्रेक लावला आणि वळून मागे पाहिलं. डाव्या खिडकीशी ड्रायव्हरकाका बसले होते. हातात अडकित्ता.

"काका, हे काय?"

"सुपारी," काका म्हणाले. "सरळ रस्त्याला तुम्ही गाडी पळवता, बोट कापायची भीती. वळणावर हळू घेता, तेवढ्यात कातरून घेतो." आणि त्यांनी तळहात पुढे केला. "घ्या, श्रीवर्धनची रोठा आहे."

मिस्त्रींनी हात पँटला पुसला आणि दोन तुकडे उचलले. वाडीवाल्यांनी घेतले, मीही घेतला. एसीवाला मात्र अजून सीटला कान लावून वाकलेला होता. त्यानं हातानं आम्हाला गप्प राहायची खूण केली.

"नाही हो," तो म्हणाला. "याशिवायचा पण एक आहे."